बाबांचा हात फवारणीमुळे थरथरतो आहे का?

निफाड तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वडील ६१ वर्षांचे, सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलं. दिवाळीच्या सुमारास उजव्या हाताची थरथर वाढली, चालताना पाय घासायला लागला, म्हणून नाशिकला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. पार्किन्सन्स निघाला, सिंडोपा ही गोळी सुरू झाली. तेव्हापासून घरात धुसफूस आहे. ताई म्हणतात, हे फवारणीचंच. यवतमाळला झालं तेच आमच्याकडे हळूहळू झालं. भाऊ म्हणतो, मग मोठ्या काकांना का नाही झालं? त्यांनी तर बाबांपेक्षा जास्त औषधं मारली. आईला वाटतं या गोळ्यांनी मेंदू सुकेल, त्यापेक्षा गावातल्या वैद्यांचं कवचबीजाचं चूर्ण बरं. भावाने आता जाहीर केलंय की यापुढे बागेत सगळं ‘जैविक’च मारणार. आणि पत्राच्या तळाशी ताईंनी स्वतःबद्दल एक ओळ लिहिली आहे: करोनानंतर मला वास कमी येतो, ही माझी सुरुवात तर नाही ना?

ताई, नमस्कार.

आधी जे सांगता येणार नाही ते सांगते. तुमच्या बाबांना हा आजार फवारणीमुळेच झाला, असं कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकणार नाही. रक्ताच्या तपासणीत ते दिसत नाही, एमआरआयमध्ये उमटत नाही. पण ‘फवारणीचा काय संबंध’ असं उडवून लावायचेही दिवस गेले. फ्रान्सने २०१२ सालीच कीटकनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन्स हा व्यवसायामुळे होणारा आजार म्हणून मान्य केला आणि त्याची भरपाई द्यायला सुरुवात केली. एखादं सरकार शेतकऱ्याला सहजासहजी पैसे देत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हा संबंध नेमका कसा लागला, याची गोष्ट मात्र शेतातली नाही, नशेबाजांची आहे. ती जरा सविस्तर सांगते, कारण भावाच्या ‘काकांना का नाही झालं’ या प्रश्नाचं उत्तरही तिच्यातच आहे.

मेंदूच्या तळाशी, मध्यभागी, दोन्ही बाजूंना एकेक काळपट पट्टा असतो. सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणतात त्याला. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि त्या रसायनाच्या हाती पुढच्या भागाकडे निरोप धाडतात: हात उचल, पाऊल टाक, आता थांब. अख्ख्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, आणि या काळ्या पट्ट्यातल्या डोपामिनवाल्या पेशी जेमतेम काही लाख. एवढ्याशा पेशी आपल्या सगळ्या हालचालींचा डोलारा सांभाळतात. त्यातली निम्मी किंवा त्याहून जास्त फौज गारद होईपर्यंत बाहेर काही दिसत नाही. म्हणजे बाबांचा हात दिवाळीत थरथरला असला तरी पेशी मरायला सुरुवात झाली ती कितीतरी वर्षं आधी. त्यामुळे ‘गेल्या हंगामात भावाने बाबांना ब्लोअरवर, म्हणजे फवारणीच्या यंत्रावर, बसवलं, म्हणून झालं’ असं पत्रात एके ठिकाणी तुम्ही सुचवलं आहे, ते मनातून काढून टाका. गेल्या हंगामाचा इथे काही दोष नाही.

आता ती गोष्ट. १९८२ सालच्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरातल्या सरकारी रुग्णालयात चाळिशीचा एक माणूस आणला. डोळे उघडे, पण हलत नाही, बोलत नाही, पुतळाच. आधी वाटलं, वेडाचा झटका. विल्यम लँगस्टन नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने तपासलं तर सगळी लक्षणं बऱ्याच वर्षांच्या जुन्या पार्किन्सन्सची. आणि हे सगळं काही दिवसांत झालेलं! त्याच सुमारास आसपासच्या गावांत आणखी काही तरुण तसेच सापडले. सगळ्यांमध्ये समान धागा एकच, नव्याने बाजारात आलेलं ‘कृत्रिम हेरॉइन’ टोचून घेतलं होतं. कुठल्याशा चोरट्या प्रयोगशाळेत बनवताना त्यात एक भेसळ राहून गेली होती. तिचं नाव एमपीटीपी. लेव्होडोपा, म्हणजे तुमच्या बाबांच्या सिंडोपामधलंच औषध, दिल्यावर ही मंडळी हलायला लागली. डोपामिनच्या पेशी मेल्या होत्या, दुसरं काही नाही.

शोध घेताना कळलं की असं आधीही एकदा झालेलं. १९७६ मध्ये मेरीलँडमधल्या २३ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने स्वतःपुरती तीच नशा घरी बनवली, एका खेपेला घाई केली आणि थोड्याच दिवसांत आखडून गेला. डॉक्टरांनी त्याच्या भांड्यांतलं उरलंसुरलं रसायन उंदरांच्या मोठ्या भावंडांना, रॅट्सना, टोचलं. त्यांना काहीच टिकाऊ झालं नाही. प्रकरण बारगळलं. पुढे माकडांवर प्रयोग झाले तेव्हा उलगडा झाला: रॅटला हे विष फारसं बाधत नाही, माकडाला आणि माणसाला बाधतं. ‘प्राण्यांवर तपासून सुरक्षित’ असं कुठे वाचलं की मला हे रॅट हटकून आठवतात.

हे विष काम कसं करतं, ते ऐकण्यासारखं आहे. एमपीटीपी स्वतः विषारी नाहीच. ते स्निग्ध पदार्थात विरघळतं, त्यामुळे रक्तातून मेंदूत सहज शिरतं. मेंदूतल्या आधारपेशींमध्ये एमएओ-बी नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते एरवी साफसफाईचं काम करतं. ते या आगंतुकाला हात लावतं आणि त्याचं एमपीपी-प्लस बनवून टाकतं. खरं विष हे. आता डोपामिनच्या पेशींना एक सवय असते. बाहेर सांडलेलं डोपामिन त्या पुन्हा आत ओढून घेतात, वाया जाऊ देत नाहीत. त्यासाठी त्यांच्या भिंतीवर खास वाहक असतात. एमपीपी-प्लसची ठेवण डोपामिनशी मिळतीजुळती. बाजार समितीच्या गेटवर ओळखीचा ट्रॅक्टर दिसला की वॉचमन पावती न बघता आत सोडतो, तसे हे वाहक त्याला आत घेतात. इतर पेशींना असे वाहकच नाहीत, म्हणून त्या बचावतात. आत गेल्यावर एमपीपी-प्लस मायटोकाँड्रियात, पेशीच्या ऊर्जाघरात, जाऊन बसतं आणि ऊर्जानिर्मितीच्या साखळीतली पहिलीच कडी अडवतं. तिला कॉम्प्लेक्स-१ म्हणतात. ऊर्जा आटते, अर्धवट जळालेल्या ऑक्सिजनचे तापट रेणू साचतात, पेशी मरते.

आणि या पेशींना ऊर्जा कमी पडणं इतरांपेक्षा जास्त महागात जातं. एकेका पेशीच्या फांद्या एवढ्या पसरलेल्या असतात की तिच्या टोकांशी दहा लाखांच्या वर जोडण्या असाव्यात असा अंदाज आहे. शिवाय डोपामिन हे मुळातच नाजूक प्रकरण. जागेवर नीट बंदिस्त नसलं तर स्वतःच जळून त्रासदायक रेणू तयार करतं. थोडक्यात, या पेशी निरोगी माणसातही कायम टेकीला आलेल्या असतात. वरून कोणी थोडा धक्का दिला तरी पुरतो.

तुम्ही म्हणाल, आमचे बाबा काही सुई टोचून घेत नव्हते. बरोबर. म्हणूनच या गोष्टीतलं एक लहान प्रकरण तुमच्या भावाला मुद्दाम वाचून दाखवा. १९८३ मध्ये लँगस्टन यांनी आणखी एका रुग्णाची नोंद छापली. तो नशेबाज नव्हता. कामाचा भाग म्हणून एमपीटीपी हाताळणारा रसायनतज्ज्ञ होता. त्याने काही टोचून घेतलं नव्हतं, नुसतं हाताळलं होतं. तरी त्याला पार्किन्सन्स झाला.

आता शेताकडे येते. एमपीपी-प्लस हे रसायन तज्ज्ञांना नवं नव्हतं. सायपरक्वाट या नावाने तणनाशक म्हणून त्याची कधीकाळी चाचणी झाली होती. आणि त्याच्याशी रेणूच्या ठेवणीत साम्य असलेलं, त्याचं भावंड शोभेल असं तणनाशक तेव्हाही जगभर विकलं जात होतं, आजही आपल्याकडे विकलं जातं: पॅराक्वाट. पत्रात तुम्ही लिहिलंय की बाबा बांधावरच्या आणि ओळींमधल्या तणावर वर्षानुवर्षं पॅराक्वाट मारत. हे साम्य दिसल्यावर संशोधक साहजिकच दचकले. पॅराक्वाटचं काम मात्र अगदी एमपीपी-प्लससारखं चालत नाही. ते पेशीत एकाच चक्रात फिरत राहतं आणि दर फेरीला ऑक्सिजनचे तेच तापट रेणू सोडतं. रस्ता वेगळा, मुक्काम जवळजवळ एकच.

कॅलिफोर्नियातल्या शेतीच्या पट्ट्यात २००९ साली निघालेल्या एका अभ्यासात, घरापासून ५०० मीटरच्या आत पॅराक्वाट आणि मॅनेब दोन्ही मारलं जात असेल तर पार्किन्सन्सचा धोका ७५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. मॅनेब म्हणजे तुमच्याकडे ज्याला एम-४५ म्हणतात त्या मँकोझेबच्याच घराण्यातलं बुरशीनाशक. मग २०११ मध्ये अमेरिकेतल्या फवारणी करणाऱ्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा अभ्यास आला, ११० रुग्ण आणि तुलनेला ३५८ निरोगी माणसं. पॅराक्वाट वापरलेल्यांमध्ये आजाराची शक्यता सुमारे अडीच पट होती, रोटेनोन नावाचं कीटकनाशक वापरलेल्यांमध्येही तेवढीच. अडीच पट ऐकून घाबरू नका. मुळात हा आजार म्हातारपणीही शंभरात एकदोघांनाच होतो. अडीच पट झाला तरी फवारणी करणारे बहुतेक लोक या आजाराविनाच म्हातारे होतात. तुमचे काका त्यांतलेच.

म्हणून भावाचा प्रश्न बिनतोड वाटतो, पण तसा तो नाही. त्याच अभ्यासातल्या लोकांची जनुकं पुढे तपासली. शरीरात विष निकामी करणारं एक विकर काही माणसांमध्ये जन्मतःच नसतं. एरवी त्यांचं काही अडत नाही. पण असे लोक पॅराक्वाटच्या संपर्कात आले तर धोका अडीच पटींवर न थांबता कितीतरी जास्त चढलेला दिसला. एकाच आईच्या पोटच्या दोन भावांमध्येही असा फरक असू शकतो. शिवाय काका ट्रॅक्टरवर बसत होते की ड्रमशी उभे राहून औषध कालवत होते, हेही बघावं लागेल. दोघांनी सारखं ‘मारलं’ म्हणजे दोघांच्या अंगात सारखं गेलं असं होत नाही.

यवतमाळबद्दल थोडक्यात. २०१७ मध्ये तिथे कापसावर फवारताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. ती तीव्र विषबाधा होती. अशा विषबाधेत मुख्य संशयित असतात ती ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं. ती वेगळ्या निरोप्याच्या, अॅसिटिलकोलिनच्या, वाटेला जातात. पेशी मारत नाहीत, निरोप पुसून टाकणारं विकर बंद पाडतात. मग निरोप साचत जातात, घाम, लाळ, उलट्या, श्वास अडकणं, काही तासांत सगळा खेळ. त्यावर अॅट्रोपिन हा उतारा आहे. बाबांचं प्रकरण त्यातलं नाही. एकाच पंपातून दोन्ही प्रकारची औषधं निघतात, एवढाच दोघांमधला दुवा.

आता भाऊ. त्याच्याशी ‘तुझ्यामुळे’ आणि ‘बाबांच्या हलगर्जीपणामुळे’ ही भाषा बंद करा आणि हातांबद्दल बोला. वर सांगितलेल्याच अमेरिकन लोकांवर २०१५ मध्ये आणखी एक निष्कर्ष निघाला. निम्म्याहून जास्त वेळा हातमोजे घालणाऱ्यांमध्ये पॅराक्वाट आणि पार्किन्सन्सचा संबंध दिसलाच नाही. न घालणाऱ्यांमध्ये दिसला. मला तरी या सगळ्या संशोधनातली सर्वात कामाची ओळ हीच वाटते. नाकातोंडाला रुमाल बांधून आपण सावध झालो असं आपल्याकडे समजतात, आणि उघड्या हाताने ड्रममध्ये औषध ओततात. अंगात जातं ते मुख्यतः कातडीतून, आणि सगळ्यात जास्त जातं ते पाणी न मिसळलेलं औषध मापताना, ओतताना, कालवताना. म्हणजे फवारणी सुरू होण्याच्या आधी.

मोजे नायट्रिलचे, मनगटाच्या वरपर्यंत येणारे, जाड घ्यावेत. बांधकामावरचे सुती मोजे नकोत, ते औषध शोषून दिवसभर हाताला चिकटवून ठेवतात. त्यापेक्षा उघडा हात परवडला, तो निदान धुतला तरी जातो. द्राक्षाचा मांडव डोक्याच्या वर असतो, हात वर करून गन धरली की ओघळ मनगटावरून कोपराकडे येतो. म्हणून शर्टाची बाही मोज्याच्या आत खोचायची आणि मोज्याची कड बाहेरच्या बाजूने दुमडायची, म्हणजे ओघळ दुमडीत अडतो. मोजे काढण्याआधी हातात असतानाच साबणाने धुवायचे. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. हे लिहायची गरज पडू नये, पण गरज पडते, कारण सगळेच फुंकतात. बारीक तार किंवा जुना टूथब्रश पंपालाच बांधून ठेवा. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. ते कोण धुतं? आई. हातमोज्यांची दुसरी जोडी त्यांच्यासाठी. आणि विरळणीला येणाऱ्या बायका फवारणीच्या दुसऱ्या दिवशी उघड्या हातांनी ओल्या घडांत हात घालतात, त्यांचं काय, हेही भावाला विचारा. बागेचा मालक तो आहे.

पॅराक्वाट स्वतः मात्र मोजे घालूनही वापरू नये असं माझं मत आहे. घोटभर पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, फुप्फुसं निकामी होतात. युरोपीय संघाने ते २००७ मध्येच बंद केलं. ओळींमधलं तण ब्रश कटरने किंवा रोटाव्हेटरने काढता येतं, मजुरी थोडी जास्त लागेल.

आणि ‘जैविक’चं म्हणाल तर, रोटेनोन आठवतं ना? वर ज्याने पॅराक्वाटशी बरोबरी केली तेच. ते पूर्णपणे नैसर्गिक आहे. डेरिससारख्या वेलींच्या मुळांतून निघतं. दक्षिण अमेरिकेत आणि आग्नेय आशियात पूर्वापार मासे गुंगवून पकडायला वापरत, आणि पाश्चात्त्य देशांत सेंद्रिय शेतीवाले ते वर्षानुवर्षं बिनधास्त मारत. २००० साली अमेरिकेतल्या प्रयोगात रॅटना ते थोडं थोडं बरेच दिवस दिलं, तर त्यांच्या डोपामिनच्या पेशी मरायला लागल्या. एमपीटीपीला दाद न देणारे तेच रॅट! रोटेनोनही कॉम्प्लेक्स-१ च अडवतं. सध्या व्हॉट्सॅपवर कर्करोग बरा करायला लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा फिरतोय, त्यातही त्याच कडीला अडवणारा पदार्थ असतो. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर हे फळ आणि पानांचा चहा नेहमी घेणाऱ्या लोकांत पार्किन्सन्ससारखा, पण गोळ्यांना दाद न देणारा आजार जास्त आढळला, हे १९९९ मध्ये लक्षात आलं. तेव्हा भावाला सांगा, निंबोळी अर्क मार, ट्रायकोडर्मा वापर, जरूर. पण बाटलीवर आतल्या घटकाचं नाव आणि नोंदणी क्रमांक छापलेला नसेल तर ‘जैविक’ या शब्दावर विश्वास ठेवून ती घरात आणू नको.

आईंच्या शंकेला मी हसणार नाही. लेव्होडोपा पेशींना आणखी मारत असेल का, ही शंका डॉक्टरांनाही बरीच वर्षं होती. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या ४४५ रुग्णांच्या अभ्यासात निम्म्यांना गोळी लगेच दिली, निम्म्यांना चाळीस आठवडे उशिरा. दीड वर्षाने दोन्ही गट सारखेच. गोळीने आजार थांबवला नाही, पण वाढवलाही नाही. मग आधीचे चाळीस आठवडे विनाकारण का कुढायचं? मेंदू सुकवणारी ही गोळी नव्हे. ती एकदम बंद केली तर मात्र अंग आखडून ताप चढण्यापर्यंत वेळ येऊ शकते, तेव्हा ते धाडस कोणीही करू नये.

कवचबीजाचं मात्र आईंना कळलंय त्यापेक्षा वैद्यांना जास्त खरं ठाऊक आहे. कवचबीज म्हणजे आपली खाजकुयली. तिच्या बियांत लेव्होडोपाच असतं, वजनाच्या साधारण चार-पाच टक्के किंवा थोडं जास्त. मुंबईच्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये रुग्णांवर त्याचा अभ्यास करून तो छापलेलाही आहे. म्हणजे आईंना ज्या गोळीची भीती वाटते तीच गोळी त्या चूर्णातून देणार आहेत, फक्त किती ते कळणार नाही. सिंडोपामध्ये लेव्होडोपाला कार्बिडोपाची जोड असते, त्यामुळे औषध वाटेतच खर्च न होता मेंदूपर्यंत पोचतं. त्या जोडीवर वरून चूर्ण पडलं तर मात्रा कुठच्या कुठे जाईल. मळमळ, उठल्यावर चक्कर, अंगाला नको तसे झटके. चूर्ण द्यायचंच असेल तर डॉक्टरांना दाखवून, त्यांना गोळीची मात्रा बदलू देऊन. चोरून अजिबात नाही.

अशीच एक वनस्पती उलट्या बाजूने काम करते, म्हणून तीही सांगते: सर्पगंधा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिच्यावरचा लेख इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापला आणि रक्तदाबावरचं आपलं जुनं औषध जगभर पोचलं. पण तिच्यातलं रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांचं अंग जड पडायला लागलं, हात थरथरायला लागले. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं, ससे निपचित पडले. मग लेव्होडोपा टोचलं, थोड्याच वेळात ते उठून हिंडायला लागले. १९५७ ची ही गोष्ट. बाबांची गोळी या सशांपासून सुरू होते. रिसर्पिन पेशी मारत नाही, तिची डोपामिनची कोठारं रिकामी करतं. औषध थांबवलं की कोठारं पुन्हा भरतात. एमपीटीपीत तसं होत नाही, तिथे कोठारासकट पेशीच जाते. बाबांना रक्तदाबासाठी सर्पगंधा असलेलं काही चालू नाही ना, बघा.

हे बघताना आणखी एक बघाल का? पत्रात ओझरतं लिहिलंय की बाबा दोन वर्षं रोज सकाळी पित्ताची कॅप्सूल घेतात. ती पट्टी हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. नुसतं पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल असेल तर ठीक. पण त्याच्या जोडीला लेव्होसल्पिराइड लिहिलं असेल तर त्याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. ते औषध डोपामिन ज्या जागी जाऊन निरोप देतं ती जागाच अडवतं, आणि वयस्कर माणसांत हुबेहूब पार्किन्सन्स उभा करू शकतं. उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रामाइड, चक्करेसाठी वर्षानुवर्षं चालू राहणारं सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, हीही त्याच माळेतली. अशा औषधाने आलेली थरथर ते बंद केल्यावर बऱ्याचदा काही महिन्यांत ओसरते. बाबांच्या बाबतीत तसंच असेल असं मी म्हणत नाही, सिंडोपाने आराम पडतोय त्याअर्थी बहुधा नसेलही. पण औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली ही कॅप्सूल नाशिकच्या डॉक्टरांना दाखवलीच नसणार, कारण ‘पित्ताचं काय सांगायचं’ असं सगळ्यांनाच वाटतं.

गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. दूध, डाळ, अंडी यांतल्या प्रथिनांची आणि लेव्होडोपाची आतड्यात एकाच वाटेने जाण्यासाठी झटापट होते, आणि त्यात गोळी हरते. सकाळी दुधाच्या चहाबरोबर गोळी घेऊन ‘हिचा काही उपयोग नाही’ म्हणणारे बरेच असतात. आणि बाबांना बागेतून काढू नका. फवारणीच्या दिवशी घरी, बाकी दिवशी बागेत हिंडू द्या. या आजारात रोजचं चालणं, हातपाय हलवणं हे औषधाच्या बरोबरीने लागतं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथले शुभार्थी आणि शुभंकर, म्हणजे रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे, भेटतात, बोलतात. आईंना एकदा घेऊन जा. माझ्या लिहिण्यापेक्षा तिथे बसलेल्या दुसऱ्या एखाद्या आईचं त्या जास्त ऐकतील.

राहता राहिला तुमचा वास. पार्किन्सन्समध्ये हात थरथरण्याच्या बरीच वर्षं आधी वास कमी होतो, बद्धकोष्ठ होतं, झोपेत हातपाय झाडत स्वप्नं बघितली जातात, हे खरं आहे. तुम्ही कुठेतरी हेच वाचलं असणार. पण तुमचा वास करोनानंतर गेला, आणि करोनाने लाखो लोकांचा नेला. विषाणू नाकाच्या छताशी असलेल्या पेशींवर घाव घालतो, त्याचा काळ्या पट्ट्याशी संबंध जोडायचं कारण नाही. वडिलांना आहे म्हणून मुलीला, असंही सहसा होत नाही. बहुतेक रुग्णांच्या घरात दुसरं कोणी नसतं. आज तुम्ही करावी अशी कुठलीही मेंदूची तपासणी नाही, महागडी जनुक-चाचणी तर नकोच. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. ते लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब असे चार वास दिवसातून दोनदा, काही महिने, लक्ष देऊन हुंगायला सांगतील. कंटाळवाणं आहे, पण बऱ्याच जणांचा वास त्याने थोडाफार परततो.